रॉडा कंपनीच्या दहा पेट्या

२६ ऑगस्ट १९१४, कलकत्ता. रॉडा या शस्त्रविक्रेत्या कंपनीचा कारकून श्रीश मित्र याने जकातघरातून शस्त्रांच्या २०२ पेट्या सोडवल्या. गोदामात पोहोचल्या १९२. उरलेल्या आणतो असे सांगून तो गेला, तो परतलाच नाही. गाडीवानाच्या वेषातील हरिदास दत्त यांनी बैलगाडी वाटेतच वळवली होती. त्या दहा पेट्यांत ५० माउझर पिस्तुले व ४६,००० काडतुसे होती.

पोलिसांना वर्दी मिळाली ती तीन दिवसांनी. क्रांतिकारकांनी मात्र विलंब केला नाही. ४४ पिस्तुले लगोलग नऊ गटांत वाटली गेली.

प्रत्येक पिस्तुलाचा क्रमांक कंपनीच्या दप्तरी होता. रौलट समितीच्या १९१८च्या अहवालानुसार ही पिस्तुले ५४ प्रकरणांत वापरली गेली आणि ३१ परत हाती लागली. नोंदीमुळे शस्त्र ओळखता येत होते. पण वर्दीला झालेल्या विलंबाची भरपाई नोंदवहीने होणार नव्हती.