नेचे, ठाणे-कल्याण परिसरातील
फुले व बीजे यांवाचून बीजुकांनी वंशविस्तार करणाऱ्या या वनस्पती ठाणे शहराच्या हद्दीस लागलेल्या येऊरच्या अरण्यात आणि कल्याणनजीकच्या मलंगगडाच्या परिसरात वर्षाऋतूत विपुल आढळतात. ओळख पटविताना पानाच्या दर्शनी बाजूपेक्षा त्याची पाठच अधिक प्रमाण मानावी. कारण बीजुककोशांचे पुंज वाटोळे आहेत, लांबट आहेत, की कडेच्या दुमडीखाली झाकलेले आहेत, यावरच बहुधा निर्णय अवलंबून असतो. काळाभोर तुळतुळीत देठ, अर्धचंद्राकृती दले आणि भूमीस टेकताच मुळे फुटून नवे रोप उभे करणारे पर्णाग्र ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली, तर तो हंसराज होय. वृक्षांच्या खोडांवर वा कातळावर वाढणाऱ्या बाशिंगास द्विविध पाने असतात : तळची, लवकरच तपकिरी होऊन पालापाचोळा साठविणारी, आणि वरची लांब, हिरवी, बीजुके धारण करणारी. मयूरशिखा कोरड्या भेगांत व जुन्या भिंतींवर पंख्यासारखी पसरते. मुंबई इलाख्यातील नेच्यांवर ब्लाटर व डी'आल्मेडा यांनी १९२२ साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ अभ्यासकाने अवश्य पाहावा. रोप मात्र उपटू नये, निर्णयास एक पक्व पान पुरेसे असते.