एल्मचे लाकूड : न चिरणारे, पण हट्टी

इंग्लंडमधील पारंपरिक विंडसर खुर्चीची बैठक बहुधा एल्मच्या जाड फळीची असे. (आपल्याकडील वावळ याच कुळातला.) भोके पाडून पाय ठोकले तरी ही फळी सहसा चिरत नाही, कारण तिचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. हौशी सुताराला मात्र हाच गुण छळतो. गुळगुळीत चाललेला रंधा वीतभर पुढे जाताच तंतू उपटून खड्डा पाडतो. पाते अतिशय धारदार ठेवावे, साल पातळ काढावी. तरीही तंतू उचकटल्यास पोलादी पत्र्याच्या धारेने खरवडावे. नुसत्या सँडपेपरवर विसंबू नये.

वाळताना एल्म फार वाकतो. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून थर रचावा, वर वजन ठेवावे आणि इंचभर जाडीला साधारण एक वर्ष सावलीत थांबावे. घाई करणाऱ्याला पिळलेली फळीच मिळते.

या लाकडाची नागमोडी नक्षी खुलते ती जवसाच्या तेलाने. पातळ हात द्यावेत, उरलेले तेल पुसून घ्यावे. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात मुळीच टाकू नये. तेल सुकताना उष्णता साठून तो आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

ओंडका विकत घेताना सालीकडे लक्ष द्यावे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ‘डच एल्म’ रोगाच्या तीव्र प्रकाराने ब्रिटनमधील अडीच कोटींहून अधिक एल्म मारले. ही बुरशी सालीखाली वाढणारे भुंगेरे पसरवतात. त्यामुळे मेलेल्या झाडाचे लाकूड कामाला येत असले, तरी साल काढल्याशिवाय ते दुसऱ्या गावी नेऊ नये.