चित्र आणि कथेकरी : आदिलाबादच्या मुलुखातील पारदर्शिका व त्यांचे जतन

घराण्याचा इतिहास म्हटला की सनदा, वतनपत्रे, वंशावळी आणि जुनी दप्तरे आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात. या साधनांचे महत्त्व वादातीत आहे. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही घरांत इतिहासाचे आणखी एक साधन नकळत साठत गेले, आणि त्याची गणना आपण अद्याप साधनांत करीत नाही. ते साधन म्हणजे छायाचित्राची पारदर्शिका, बोलण्यात जिला आपण 'स्लाइड' म्हणतो. दोन इंची चौकटीत बसविलेला हा फिल्मचा तुकडा आगपेटीहूनही लहान असतो. तो उजेडासमोर धरला तर त्यात एखादा संपूर्ण लग्नमंडप मावलेला दिसतो. अशा पारदर्शिकांच्या इतिहासाचा व त्यांच्या जतनाचा विचार प्रस्तुत लेखात आदिलाबादच्या संदर्भात करावयाचा आहे.

आदिलाबादचा संदर्भ घेण्यास सबळ कारण आहे. पैनगंगेच्या दक्षिणेकडील हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. इ. स. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत या जिल्ह्यातील राजुरा आणि किनवट हे भाग तत्कालीन मुंबई राज्यात गेले व उर्वरित जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. पुढे २०१४ साली तेलंगणा राज्य झाले आणि २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियल व कुमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. या घडामोडींत येथील मराठी भाषक घरांची कागदपत्रे अनेक लिपींत विभागली गेली. पणजोबांचे दप्तर मोडीत, आजोबांच्या काळातील सरकारी कागद उर्दूत, घरची पत्रे बाळबोधीत, आणि नातवंडांचे शिक्षण तेलुगू अथवा इंग्रजीत, अशी स्थिती कित्येक घरांत आढळते. अशा घरातील मुलाला आपल्याच घराण्याचा कागद वाचता येत नाही. छायाचित्र मात्र त्याला वाचता येते, कारण त्याला लिपी नसते. म्हणूनच सीमेवरील घराला चित्राचे मोल इतरांहून अधिक आहे.

चित्र दाखविण्याची आपली परंपरा

चित्रास लिपी लागत नाही हे खरे. पण त्यास सांगणारा लागतो, ही गोष्ट आपल्या पूर्वजांनी फार पूर्वी ओळखली होती. कुडाळनजीकच्या पिंगुळी येथील ठाकर समाजाचे चित्रकथी पोथीतील एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातील आख्याने सांगत आले. तेलंगणात चेरियाल येथील नक्काशी कलावंतांनी रंगविलेले लांबलचक पट उलगडत कथेकरी त्या त्या जातीची पुराणे गात. खुद्द आदिलाबादच्या डोंगरांत परधान हे गोंडांचे परंपरागत भाट. किकरी या तंतुवाद्याच्या साथीने ते आपल्या यजमान कुळांचा इतिहास गातात. या परधानांची घरची बोली मराठी आणि गायनाची भाषा गोंडी, ही बाब मराठी वाचकाने मुद्दाम ध्यानात ठेवावी अशी आहे.

काचेवरील पारदर्शिका आपल्याकडे आली तीही याच रीतीने. कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनी इ. स. १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' या नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले. शंबरासुराच्या मायावी विद्येवरून हे नाव योजिले होते. विनायक व रामचंद्र हे त्यांचे पुत्रही या उद्योगात होते. काचांवर हातांनी रंगविलेल्या पौराणिक आकृती दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर पाडावयाच्या, एकाच व्यक्तीच्या भिन्न मुद्रा झपाट्याने बदलून हालचालीचा भास निर्माण करावयाचा, आणि त्याबरोबर निवेदन व संवाद म्हणावयाचे, असा त्या खेळांचा प्रकार होता. चित्र पडद्यावर आणि कथेकरी पडद्याशेजारी, हा क्रम येथेही सुटला नाही. या काचा पटवर्धन कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या जपल्या; म्हणूनच आज आपणास त्या खेळांची नीट कल्पना येऊ शकते.

घरगुती पारदर्शिका

३५ मिलिमीटर फिल्मवरील कोडॅक्रोम ही रंगीत पारदर्शिका १९३६ साली बाजारात आली. आपल्याकडे रंगीत फिल्म दुर्मीळ आणि महाग असल्यामुळे ती सामान्य घरांत पोहोचली नाही. कोणी परदेशी शिकावयास गेला, कोणी डॉक्टर किंवा अभियंता हौसेने कॅमेरा बाळगून होता, अशाच घरी तिचा प्रवेश झाला. सुटीत सारे जमले की रात्री दिवे मालवावयाचे, चुन्याच्या भिंतीवर किंवा धुतलेल्या धोतरावर चित्र पाडावयाचे, आणि यंत्राच्या पंख्याची घरघर चालू असता घरातील वडीलधाऱ्याने प्रत्येक चित्राची हकीकत सांगावयाची, असा तो सोहळा असे. उलटी घातलेली स्लाइड, डावखुरे झालेले काका आणि त्यावरून उठलेला हशा कित्येकांना आठवत असेल. कळत-नकळत त्या घरातील वडील मनुष्य चित्रकथ्याचेच काम करीत होता.

तो सोहळा आता सरला आहे. कोडॅक कंपनीने स्लाइड दाखविण्याच्या यंत्रांचे उत्पादन २००४ साली थांबविले, कोडॅक्रोम फिल्म २००९ साली बंद केली, आणि अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या ज्या एकमेव प्रयोगशाळेत ती धुतली जात होती तेथील कामही २०१० च्या अखेरीस संपले. डबे मात्र घरोघर आहेत. माळ्यावरील उष्णता आणि पावसाळ्यातील दमट हवा यांमुळे फिल्मवरील सरसाच्या थरास बुरशी लागते आणि ती चित्रच खाऊन टाकते. कोडॅक्रोमचे रंग अंधारात चांगले टिकतात. परंतु यंत्राच्या प्रखर प्रकाशात वारंवार दाखविल्यास ते फिके पडतात. इतर अनेक जुन्या फिल्मांचा निळसर रंग आधी उडतो व चित्र तांबूस होत जाते.

मारलवाईची चित्रे

आदिलाबादच्या छायाचित्रांचा सर्वांत मोठा संग्रह मात्र कोणा घराच्या माळ्यावर नाही. तो लंडनमध्ये आहे. क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ (१९०९-१९९५) हे व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ १९३९ साली भारतात असताना महायुद्ध सुरू झाले. जर्मन पारपत्रामुळे ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि त्यांचा वावर हैदराबाद संस्थानापुरता मर्यादित झाला. या निर्बंधाचे त्यांनी संधीत रूपांतर केले. १९४० साली जोडेघाट येथे कुमरम भीम हे निजामाच्या पोलिसांकडून मारले गेल्यानंतर गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधण्याचे काम संस्थानाने हायमेंडॉर्फ यांच्याकडे दिले. ते व त्यांच्या पत्नी बेटी मारलवाई या गोंड खेड्यात राहिले. तेथे १९४३ साली गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले. गोंडी भाषेची वाचनपुस्तके तयार झाली ती देवनागरी लिपीत, हेही येथे नमूद करणे अगत्याचे आहे.

त्यांच्या अहवालांतून व ग्रंथांतून एक कठोर सत्य पुढे आले : बाहेरून आलेल्या शेतकरी-सावकारांच्या हाती गोंडांच्या जमिनी जात होत्या. या काळात त्यांनी घेतलेली छायाचित्रे व चलत्‌चित्रफिती लंडन विद्यापीठाच्या प्राच्यविद्या संस्थेत जतन करण्यात आल्या आहेत. छायाचित्रांचे संगणकीय रूपांतर झाले असून ती आता जगात कोठूनही पाहता येतात. मारलवाईत या दांपत्याच्या समाध्या आहेत आणि तेथील गोंड लोक दरवर्षी जानेवारीत त्यांचे स्मरण करतात. आज त्याच गावातील तरुण आपल्या पणजोबांच्या पिढीची चित्रे हातातील मोबाइलवर पाहू शकतो. ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु त्या संग्रहाकडे पाहताना एक उणीव जाणवते. पुष्कळ नोंदींत स्थळ असते, काळ असतो, जमातीचे नाव असते. माणसाचे नाव नसते. 'गोंड स्त्री', 'गोंड पुरुष' एवढाच उल्लेख. अभ्यासकाच्या दृष्टीने ती नोंद पुरेशी असेल, नातवाच्या दृष्टीने ती रिकामी आहे. ते नाव सांगू शकणारी पिढी गावातून झपाट्याने नाहीशी होत आहे.

आणि हा दोष परकीयाचाच आहे असे समजून आपण निर्धास्त होता कामा नये. आपल्या घरच्या चित्रांची तपासणी केली तर काय दिसते? पुठ्ठ्याच्या कडेवर लिहिले असेल तर घरातील कर्त्या पुरुषाचे नाव. स्त्रियांचा उल्लेख 'काकू', 'वहिनी' किंवा 'सौ.' एवढाच. त्यांचे माहेर, त्यांचे माहेरचे नाव कोठेही नाही. आणि चित्राच्या कडेला बैलजोडीचा कासरा धरून उभा असलेला सालदार, वाड्यातील सारवण करणारी बाई, यांची नावे तर कोणी लिहिण्याचा विचारही केलेला नसतो. तो सालदार गोंड असेल, कोलाम असेल. ज्या शेतात तो उभा आहे ते कदाचित त्याच्याच आजोबांचे असेल. असे चित्र घराण्याच्या वैभवाबरोबर या मुलुखातील जमिनीच्या इतिहासाचीही साक्ष देत असते. साक्षीदाराचे नावच गाळले तर साक्ष अपुरी राहते.

जतनाची रीत

म्हणून पारदर्शिकांचे संगणकीकरण करताना यंत्राइतकाच माणसांचा विचार करावा. प्रथम डब्यातील क्रम मोडू नये. तो क्रम हाच घटनेच्या क्रमाचा पुरावा असतो. चौकटीच्या पुठ्ठ्यावरील अक्षर व छापलेला महिना-वर्ष यांचेही चित्र घ्यावे. मात्र तेथे छापलेली तारीख बहुधा फिल्म धुतल्याची असते, प्रसंगाची नव्हे, हे विसरू नये. धूळ मऊ कुंचल्याने किंवा रबरी फुग्याच्या हवेने उडवावी. पाणी लावू नये, आणि मंद दिसणाऱ्या बाजूस बोट लावू नये, कारण चित्राचा थर त्याच बाजूस असतो. बुरशी चढलेल्या स्लाइडा वेगळ्या ठेवून जाणकारास दाखवाव्या.

स्कॅनर इंचास ४००० बिंदूंच्या सूक्ष्मतेने चालविल्यास एका चित्रात सुमारे दोन कोटी बिंदू उतरतात; घरगुती कामास तेवढे पुष्कळ झाले. धूळ आपोआप पुसणारी अवरक्त किरणांची सोय कोडॅक्रोमवर व कृष्णधवल फिल्मवर भरवशाची नाही, ती बंद ठेवावी. मूळ प्रत रंग न सुधारता ठेवावी आणि सुधारणा दुसऱ्या प्रतीवर करावी. तीन प्रती असाव्यात, त्यांतील एक दुसऱ्या गावी. आणि रूपांतर झाले म्हणून मूळ स्लाइडा टाकून देऊ नयेत. संगणकाच्या तबकड्या आजवर कितीतरी बदलल्या, पण सूर्यप्रकाशासमोर धरलेली स्लाइड पाहण्यास कोणतेच यंत्र लागत नाही.

यानंतरचे काम खरे महत्त्वाचे. ही चित्रे पुन्हा एकदा भिंतीवर किंवा दूरदर्शनच्या पडद्यावर मोठी करून घरातील वृद्धांसमोर ठेवावी आणि ते जे सांगतील ते ध्वनिमुद्रित करावे. डावीकडून उजवीकडे एकेकाचे नाव विचारावे. स्त्रियांचे माहेर विचारावे. कडेला उभ्या असलेल्याचे नाव आवर्जून विचारावे. सालदाराच्या घरी जाऊन त्याच्या मुला-नातवांना ते चित्र दाखवावे व त्याची एक प्रत त्यांना द्यावी. मिळालेली नावे देवनागरीत आणि तेलुगूतही लिहावी, म्हणजे पुढच्या पिढीस लिपीची अडचण पडणार नाही.

महाजनांची नामावली पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या संस्थेस नावाचे मोल वेगळे सांगावयास नको. देवस्थानाच्या उत्सवासाठी दूरदूरच्या शाखांतील मंडळी एकत्र येतात. पालखी, जत्रा, जीर्णोद्धार यांची चित्रे कोणाकडे ना कोणाकडे असतात, आणि त्यांतील माणसे ओळखणारे दुसऱ्याच कोणाच्या घरी असतात. उत्सवातील एक संध्याकाळ या दोघांची गाठ घालून देण्यासाठी राखून ठेवता येईल. चित्रांना यंत्र थांबू शकते. ती डब्यात आणखी काही वर्षे काढतील. त्यांचे कथेकरी मात्र आज ऐंशी-नव्वदीत आहेत. म्हणून काम यंत्रापासून नव्हे, त्यांच्यापासून सुरू करावे, आणि ते याच वर्षी करावे, अशी सर्व कुळांना विनंती आहे.