तात्कालिक गतीपासून सदिशाच्या विकलनापर्यंत

नवी मुंबईतील एपीएमसी मार्केटमध्ये शिरताना मालाने भरलेला ट्रक सेकंदाला ५ मीटर या स्थिर चालीने १२.५ मीटर त्रिज्येचे वळण घेतो, असे समजू. काटकोनात वळल्यावर त्याच्या चालीत बदल शून्य. वेगात मात्र सुमारे ७.१ मीटर प्रतिसेकंद इतका बदल होतो. वळणावर असेपर्यंत त्याचे त्वरण, केंद्राच्या दिशेने, २ मीटर प्रतिसेकंद वर्ग असते. ‘चाल स्थिर असता त्वरण कोठून आले?’ ही यामिकी शिकू लागलेल्या विद्यार्थ्यांची नेहमीची शंका होय. या शंकेला गणिताच्या इतिहासात आधार आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सह्याद्रीच्या परिसरात राहणाऱ्या भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये (इ. स. ११५०) ‘सिद्धांतशिरोमणी’ रचला. लागोपाठच्या दोन दिवसांतील ग्रहस्थानांच्या फरकास त्यांनी स्थूल गती म्हटले व तात्कालिक गती सूक्ष्म मानली. चंद्र शीघ्रगती असल्याने तिथीचा अंत काढताना तात्कालिक गतीच योग्य, असे ते सांगतात. भुजज्येतील बदल कोटिज्येच्या प्रमाणात असतो, हा त्यामागील नियम होय.

पुण्यात जन्मलेले व काशीस अध्यापन केलेले बापूदेव शास्त्री यांनी १८५८ साली भास्कराचार्यांना विकलनाचे ज्ञान होते, असे प्रतिपादिले. १८६० मध्ये विल्यम स्पॉटिसवुड यांनी सूत्रातील साम्य मान्य केले. परंतु अत्यल्प राशींचा स्पष्ट विचार त्यात नाही, असा आक्षेप घेतला.

या वादात राशीचे स्वरूपही तपासावयास हवे. भास्कराचार्य ज्याचा कालसापेक्ष बदल काढतात तो क्रांतिवृत्तावरील कोन आहे, म्हणजेच अदिश राशी. सदिशाच्या विकलनात दोन पदे येतात: एक मानाच्या बदलाचे, दुसरे दिशेच्या बदलाचे. ट्रकच्या उदाहरणात पहिले पद शून्य असून दुसरेच उरते. या दुसऱ्या पदाचे परिमाण हायगेन्स यांच्या १६७३ मधील वर्तुळगतीविषयक प्रमेयांत दिसते. त्यास सदिशांची भाषा गिब्ज व हेविसाइड यांनी १८८० च्या दशकात दिली.

सारांश, तात्कालिक गतीचे श्रेय भास्कराचार्यांना निःसंकोच द्यावे. सदिशाच्या विकलनाचे श्रेय मात्र त्यांच्यावर लादू नये. या दोन टप्प्यांमध्ये सात शतकांहून अधिक काळ गेला. तेव्हा वर्गात हे अंतर एका तासिकेत ओलांडताना विद्यार्थी अडखळला, तर अध्यापकाने सूत्र पुन्हा न सांगता दिशेचा बदल प्रथम आकृतीने दाखवावा.