कॅडमियम सेलेनाइड : काचेच्या भट्टीपासून नोबेलपर्यंत

आज आपण कॅडमियम सेलेनाइड या संयुगाचा इतिहास पाहू. प्रश्न साधा आहे : पदार्थ तोच असताना त्याचा रंग का बदलतो?

कॅडमियम आणि सेलेनियम ही दोन्ही मूलद्रव्यं १८१७ सालीच सापडली, आणि दोन्ही भेसळीच्या रूपात. जर्मनीत स्ट्रोमायर औषधी जस्त कार्बोनेट तपासत होते. त्यात लोखंड नसूनही तापवल्यावर ते पिवळं पडत होतं. त्या पिवळेपणामागे कॅडमियम निघालं. स्वीडनमध्ये बर्झेलियसना सल्फ्युरिक आम्लाच्या कारखान्यातल्या लाल गाळात सेलेनियम मिळालं.

पुढे विसाव्या शतकात या दोघांचं संयुग गंधकाबरोबर मिसळून चित्रकारांचा ‘कॅडमियम रेड’ तयार झाला, सिग्नलच्या दिव्यांची लाल काचही झाली. इथे एक गंमत आहे. भट्टीतून निघालेली ही काच फिकट असते. पुन्हा तापवली की लाल होते. किती तापवायचं हे कारागिरांना अनुभवानं ठाऊक होतं. पण असं का होतं?

लेनिनग्राडमध्ये अलेक्सी एकिमोव्ह यांनी तांब्याचं क्लोराइड घातलेली काच घेतली. तापमान आणि वेळ बदलत त्यांनी वेगवेगळ्या आकाराचे स्फटिक वाढवले. १९८१ साली त्यांनी दाखवलं, की स्फटिक जितका लहान, तितका प्रकाश निळ्या बाजूला सरकतो. सतारीची तार पडद्यावर दाबून आखूड केली की सूर चढतो ना, तसंच काहीसं. इलेक्ट्रॉनला जागा कमी पडली की त्याची ऊर्जा चढते. अमेरिकेत लुई ब्रुस यांनी १९८३ मध्ये हाच परिणाम द्रावणात तरंगणाऱ्या कॅडमियम सल्फाइडच्या कणांत पाहिला.

अडचण होती सारख्या आकाराचे कण बनवण्याची. १९९३ साली मौंगी बावेंडी आणि सहकाऱ्यांनी सुमारे ३०० अंशांच्या गरम द्रावकात रसायनं एकदम टोचली. बीजं एकाच वेळी पडली, कण सारखे वाढले. कॅडमियम सेलेनाइडचा दोन-तीन नॅनोमीटरचा कण निळा-हिरवा चमकतो, सहाच्या आसपासचा लाल. पडद्यांचे रंग आणि पेशींची चित्रं यांसाठी हे कण कामी आले. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं.

पण इतिहास इथे थांबवला तर तो अर्धाच सांगितला असं होईल. जपानच्या जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतलं कॅडमियम भातशेतीत उतरलं. हाडं ठिसूळ करणाऱ्या ‘इताई-इताई’ रोगाचं ते कारण असल्याचं सरकारनं १९६८ मध्ये मान्य केलं. युरोपीय महासंघाच्या नियमांत विद्युत उपकरणांतल्या कॅडमियमची मर्यादा वजनाच्या ०.०१ टक्के आहे. म्हणून आज अनेक पडद्यांत इंडियम फॉस्फाइडचे कण असतात.

म्हणजे ज्या पदार्थानं आपल्याला हे तत्त्व वापरायला शिकवलं, तोच आता मागे सरतोय. तत्त्व मात्र राहिलं, आणि नवा पदार्थ निवडताना त्याच्या विषाचा हिशेब आधी मांडायचा, हा धडाही.