निजामुद्दीन बाबू शेख, मुक्काम बेलोरा

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतो, तेव्हा गावाचं बोलणं माझ्या कानावरूनच जायचं. ट्रंक कॉल लागला की दोन्हीकडे आवाज पोचतो का हे पाहणं कामाचाच भाग. संत्र्याच्या हंगामात व्यापारी नागपूर-दिल्लीचा भाव घ्यायला 'अर्जंट' लावत आणि वर मला बजावत, "आयकलं तं आयकलं भाऊ, पन कोनाले सांगू नोको." सांगायची सोय नव्हतीच. १८८५ च्या तार कायद्याचं कलम २६ होतं ना: बेकायदा ऐकणाऱ्या, ऐकलेलं फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. शिवाय ऐकणारा कोण, हे गावाला ठाऊक असे. बाजारात गाठून जाब विचारता येई.

त्याच कायद्याचं कलम ५(२) मात्र आमच्या टेबलावर कधी आलं नाही. सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षिततेच्या नावाखाली संदेश अडवायची सरकारला मुभा देणारं ते कलम. इंग्रज गेले, कलम राहिलं. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं त्याला लगाम घातला तो थेट डिसेंबर १९९६ मध्ये. आदेश गृहसचिवाचा हवा, दोन महिन्यांत संपावा, वाढवला तरी सहा महिन्यांपुढे जाऊ नये, समितीनं तो तपासावा. कागदावर झकास!

आता आमच्या तालुक्यातलं बेलोरा. तिथले ओमप्रकाश बाबाराव कडू, म्हणजे आमचे बच्चूभाऊ, तेव्हाचे अचलपूरचे आमदार. जुलै २०२१ मध्ये काँग्रेसच्या नाना पटोलेंनी विधानसभेत आपला फोन चोरून ऐकल्याचा विषय काढला, चौकशी समिती बसली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये पुण्याच्या बंडगार्डन ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. पुण्याच्या माजी पोलीस आयुक्त रश्मी शुक्ला यांच्यावरचा आरोप असा, की अमली पदार्थांच्या तपासाचं निमित्त करून राजकारण्यांचे फोन ऐकले आणि कागदावर नावं खोटी लावली. पटोले झाले अमजद खान. बच्चूभाऊ झाले निजामुद्दीन बाबू शेख. संशयित म्हणून कुठली नावं चटकन सुचली, तेही वाचकांनी बघून ठेवावं.

सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं पुण्याचा आणि शुक्लांवरचाच मुंबईतला तसाच दुसरा, असे दोन्ही गुन्हे रद्द केले. एकात पोलिसांनीच तपास बंद केला होता, दुसऱ्यात खटल्याला सरकारची मंजुरी नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये शुक्ला राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. दोषी कोण, हे मी ठरवणार नाही. पण जुना ऑपरेटर म्हणून एक विचारतो: असा कागद पाच-दहा हातांतून जातो. त्यातल्या एखाद्या कारकुनाला नंबर आणि नाव जुळत नाही असं दिसलंच, तर त्यानं सांगावं कुणाला? अमेरिकेच्या एडवर्ड स्नोडेननं २०१३ मध्ये सरकारी पाळत उघड केली आणि त्याला रशियात आसरा घ्यावा लागला. आपल्याकडे असं आतलं उघड करणाऱ्या जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संमत झाला. तो अजून अमलात आलेला नाही.

तार कायद्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आला. फोन ऐकण्याचं कलम नव्या क्रमांकानं, २० म्हणून, त्यातही आहे. तपासणाऱ्या समितीत पुन्हा सचिवच. सचिवाचा आदेश सचिवांनीच तपासायचा, याला मी तपासणी म्हणत नाही. तिथं एक न्यायाधीश बसवा, आणि २०१४ चा तो कायदा एकदाचा लागू करा. आमदार-खासदारांनी दुसऱ्यांसाठी नको, निदान स्वतःच्या फोनसाठी तरी हे मागावं.