पाणवठे, रस्ते आणि एक वाघ

वाशिम जिल्ह्याचा नकाशा वर्गात टांगून नद्यांवरून बोट फिरवले, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. काटेपूर्णा उत्तरेकडे जाऊन पूर्णेमार्गे तापीला मिळते. अडाण, अरुणावती, पैनगंगा यांचे पाणी शेवटी गोदावरीत जाते. म्हणजे हा जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसला आहे. माथ्यावर पाणी थांबत नाही आणि खालचा काळा पाषाणही ते फारसे धरून ठेवत नाही. होळीच्या सुमारास इथल्या पानगळी जंगलातले नाले आटू लागतात. मग उरतात काही डोह आणि माणसाने बांधलेले तलाव.

वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. तेव्हापासून येथे वाटा आहेतच. बैलगाडीच्या वाटेला पाणवठा हवाच असे. पण गाडी अंधारात सहसा चालत नसे. दिवसा पाणी माणसाचे, रात्री जनावराचे, अशी न बोलता झालेली वाटणी असावी. विसाव्या शतकाच्या आरंभी कापूस वाहण्यासाठी मूर्तिजापूर-कारंजा-यवतमाळ ही अरुंद रेल्वे आली. तीच आपली 'शकुंतला'. तिच्या संथ चालीने ही वाटणी फारशी बिघडली नसावी. ती मोडली डांबरी रस्त्याने, कारण मोटार रात्रीही धावते.

दरम्यान पाण्याची जागाही बदलली. काटेपूर्णेवर धरण झाले, त्याच्या जलाशयाभोवतीच्या जंगलाला १९८८ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. काळविटांसाठी कारंजा-सोहोळ अभयारण्य २००० साली झाले. ते जेमतेम १८ चौरस किलोमीटरचे आहे. पाणी असे मोजक्या ठिकाणी गोळा झाले, की प्राण्याला उन्हाळ्यात तिथे यावेच लागते. निवारा आणि पाणी यांच्यामध्ये रस्ता असेल, तर तो रोज ओलांडावा लागतो.

याचे उत्तम उदाहरण एका वाघाने दिले. टिपेश्वर अभयारण्यातील एका तरुण नराला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली गेली. जूनमध्ये तो निघाला आणि तेलंगणाचा कोपरा, पैनगंगा अभयारण्य, हिंगोली, वाशिम, अकोला असे करत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोवर सुमारे १३०० किलोमीटर चालणे झाले होते. पुढे ते ३००० वर गेले. दिवसा झाडोऱ्यात दडायचे, रात्री चालायचे, हा त्याचा क्रम. शेतीने वेढलेल्या मुलखात ओढे-नाले हेच त्याचे रस्ते. आणि प्रत्येक नाला कुठे तरी एखाद्या पुलाखालून जातो!

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. सहा पदरी आणि कुंपण असलेला हा मार्ग या दोन्ही अभयारण्यांच्या परिसरातून जातो, म्हणून त्यात प्राण्यांसाठी भुयारी मार्ग व पूल केले आहेत. असे मार्ग उपयोगी पडतात. पेंचजवळच्या महामार्गाखाली २०१९ मध्ये लावलेल्या कॅमेऱ्यांत १८ जातींचे सस्तन प्राणी टिपले गेले, त्यांत ११ वाघ होते. पण तिथला सर्वांत रुंद मार्ग ७५० मीटरचा आहे. वाघ नाल्यातून वाकून जाईल. काळवीट मात्र मोकळ्या माळाचे जनावर, डोळ्यांवर भिस्त ठेवणारे. अंधाऱ्या, अरुंद मोरीत ते शिरायला कचरते. एकाच मापाची मोरी सर्वांना चालत नाही, हे आम्हांला अभियंत्यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

आपल्या गावाजवळच्या नाल्यावरचा पूल येत्या चैत्रात विद्यार्थ्यांसह सकाळी लवकर पाहावा. मोरीतला गाळ ओला असेल, तर रात्री कोण येऊन गेले ते त्यावर उमटलेले असते.